डावं-उजवं सोडून बाकी सगळं

आदरणीय साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा, सायकलच्या घंटीसकट, नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते हे मला ठाऊक आहे, पण आधी खर्च सांगतो, म्हणजे खुशालीचा अंदाज तुमचा तुम्हाला येईल. एका सायकलप्रवासाची आखणी करायला मला लागलं ते असं: सात महिने, दोनशे पानी वह्या तीन, त्यातून उतरलेली पक्की पानं सत्तेचाळीस, एक चष्मा (त्यावर मी बसलो), एक अख्खं खोडरबर, म्हणजे शेवटी नुसतं बोटच कागदावर घासायला लागलं तोवर, भिंतीवरचं एक कॅलेंडर, ज्याच्या पाठकोऱ्या पानांवर मी चढ काढले आणि त्यामुळे मार्च महिना आला कधी आणि गेला कधी ते मला कळलंच नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरशी असलेली अकरा वर्षांची मैत्री. मैत्री अजून आहे, पण हल्ली मी जिन्यात दिसलो की तो मोबाइल कानाला लावतो. (पलीकडे कुणी नसतं. पलीकडे कुणी नसताना बोलणाऱ्या माणसाचा श्वास चुकीच्या जागी थांबतो, आणि ते मला ऐकू येतं.) पैसे मी मोजले नाहीत. पैशापुरता हा प्रवास स्वस्तातच पडला.

तर खुशाली. माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? जिना उतरताना कटकन वाजतो म्हणाला होतात. एकदाच वाजतो की पायरीगणिक? एकदाच वाजत असेल तर काळजी नको, जागेवर बसतोय. पायरीगणिक वाजत असेल तर दाखवून घ्या. ताईंचा रक्तदाब कसा आहे? त्यांचा चष्मा बदलून झाला का? गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी त्याच घालतात की आता ते काम तुमच्या गळ्यात पडलंय? हा माणूस फोन करायचं सोडून पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात येईल. कारण असं, की आपला फोन हल्ली दीड मिनिटात आटपतो. काय म्हणता, बरं आहे, तुमचं काय, चाललंय, या कधीतरी, बरं ठेवतो. पत्राला 'बरं ठेवतो' म्हणता येत नाही. शिवाय तुम्ही चौतीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात घालवलीत. आलेलं पत्र अर्धं वाचून बाजूला टाकणं तुमच्या हातून व्हायचं नाही, या भरवशावर मी लांबण लावणार आहे.

अभिमानाची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती सांगायला मला फार आवडते. सायकलच्या पुढच्या चाकाला किलोमीटर मोजायचं मीटर बसवून घेतलंय, आणि आज त्यावर दोनशे चौसष्टचा आकडा आहे. वय त्रेसष्ट, किलोमीटर दोनशे चौसष्ट, पंक्चर एकही नाही. हे पत्र मी सायकलच्या शेजारी बसूनच लिहितोय. हँडलला डबा आहे, मागच्या कॅरिअरला पिशवी बांधलेली आहे, चाकांना अजून वाटेतली माती आहे. एकूण प्रवास पाचशे चाळीस किलोमीटरचा, थेट समुद्रापर्यंत. तुमचं गाव तीनशे दहावर, म्हणजे सहाव्या दिवशी, वाटेतच लागतं. वाटेतच लागतंय तर एखादी रात्र टेकावं म्हणतो. मुद्दाम वाकडी वाट करून येतोय असं कृपा करून मनात आणू नका.

आता सुरुवातीपासून सांगतो. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा माझ्या डोक्यावर काय परिणाम झाला ते माहीत नसेल. लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात उतरून कचरा काढण्यापासून मी सुरुवात केली आणि निवृत्त झालो तेव्हा बावन्न इमारतींच्या लिफ्ट माझ्या देखभालीखाली होत्या. त्यात शिक्षणाचा काही वाटा नाही, सगळी कानांची कमाई. गच्चीवरच्या मशीनखोलीच्या दाराशी नुसता उभा राहायचो आणि कुठलं बेअरिंग किती महिन्यांचं सोबती आहे ते सांगायचो. पण लिफ्ट वर जाते आणि खाली येते. चाळीस वर्षांत तिनं मला एकदाही डावीकडे नेलं नाही की उजवीकडे. त्यामुळे उंची माझ्या डोक्यात पक्की बसली आणि दिशा नावाचा प्रकार आत शिरलाच नाही. दिशेचं खातं तुमच्या मेहुणीकडे होतं. स्कूटर मी चालवायचो, मागे बसून ती टिचक्या मारायची. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांबा, भाजी घ्यायची आहे. एकोणतीस वर्षं असं चाललं. मी माझ्या कामगारांसमोर छाती काढून सांगायचो की शहरातली एकही गल्ली मला परकी नाही. मला कसल्या गल्ल्या येतात. माझ्या खांद्यांना येत होत्या.

धंद्यातली आणखी एक खोड घरी आली होती. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत एक कार्ड टांगलेलं असतं: तारीख, केलेलं काम, शेरा. मी घरात पंख्याला कार्ड लावलं, शिवणयंत्राला लावलं, आणि एकदा गंमत म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला माझ्या स्वतःच्या नावाचं लावलं. गंमत मी केली, पण ती चालवली तुमच्या मेहुणीनं. दर महिन्याच्या एक तारखेला ती त्यावर न चुकता शेरा लिहायची, 'आवाज करतो. चालू आहे.' कार्ड भरलं की नवीन लावायची. गेली दोन वर्षं चार महिने ते कार्ड मी भरतो. तारीख येते लिहिता, शेऱ्याशी अडतो. मग लिहितो, 'आवाज नाही. चालू आहे.' (कार्डाच्या नियमाप्रमाणे आवाज नसणं हे चांगलं लक्षण आहे.) बाकी घरात आवाज भरपूर आहेत. फ्रिज दर अठरा मिनिटांनी सुरू होतो आणि नऊ मिनिटं चालतो. आमच्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. माझ्या मजल्यावर थांबली की मी उठून दारापर्यंत जातो. समोरच्यांकडे कुणीतरी आलेलं असतं.

आणि मग आपला तो आठ महिन्यांपूर्वीचा फोन. तुम्हाला आठवत नसेल, पण तुमच्या 'या कधीतरी'चा मी चांगला अभ्यास केलेला आहे. 'या कधीतरी' दोन प्रकारचं असतं. एक, उंबऱ्यापाशी पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलेलं, आणि दुसरं, दार लोटता लोटता म्हटलेलं. त्या दिवशीचं तुमचं कुठलं होतं ते मला इतक्या चांगल्या कानांनीसुद्धा ओळखता आलं नाही, कारण तेवढ्यात तुम्ही कप खाली ठेवलात. गोंधळून मी बोलून गेलो, 'येतो की, सायकलनं येतो.' ते उगाच नव्हतं. जो माणूस बसनं येतो म्हणतो त्याला लगेच तारीख विचारतात, आणि तुम्ही तारीख विचारली नसतीत तर मला ते ऐकू आलं असतं. सायकलनं येतो म्हणणाऱ्याला कुणी तारीख विचारत नाही. तुम्ही हसलात. हसून म्हणालात की आखणी फार करत बसू नका, आम्ही पत्राचा अख्खा रस्ता कधीच बघत नसू, पुढची पिशवी कुठली तेवढंच बघायचो, पत्र पोचायचं. सल्ला उत्तम होता. मी तो कागदावर लिहून घेतला आणि मग सात महिने आखणी केली.

प्रवासाला आखणी किती लागते, यावर दातांच्या डॉक्टरचं मत 'दोन संध्याकाळी पुरे' असं होतं. तो दर रविवारी अंगाला चिकटणारे कपडे घालून शंभर किलोमीटर जाऊन येतो आणि सोमवारी पेशंटच्या खुर्चीपेक्षा स्वतःच्या खुर्चीवर जास्त जपून बसतो. म्हणाला, काका, मोबाइलमध्ये सगळा रस्ता असतो, आतली बाई सांगते तसं वळत जायचं. मी ते करून पाहिलं. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, असं ती बाई माझ्या शर्टाच्या खिशातून म्हणाली. आवाजात दोष काही नव्हता. पण परक्या बाईनं मला डावीकडे वळा म्हणावं हे काही जमेना. मोबाइल बंद करून मी घरी आलो आणि वही काढली.

मी आखणी केली ती लिफ्टवाल्याच्या पद्धतीनं. तीन मीटर म्हणजे एक मजला. तुमचं गाव माझ्या गावापेक्षा दोनशे बारा मजले उंच आहे, हे तुम्हाला तिथे इतकी वर्षं राहून माहीत नसेल. पण थेट लिफ्ट नाही. वाटेत एकूण सहाशे चाळीस मजले चढावं लागतं आणि चारशे अठ्ठावीस मजले उतरावं लागतं. जुन्या बाजारात उंची दाखवणारं काट्याचं एक यंत्र मिळालं, ते मांडीवर घेऊन मी त्या रस्त्यानं बसनं गेलो. डोळे काट्यावर, पेन्सिल वहीवर. हे काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं, मी म्हटलं, रस्त्याचा रक्तदाब बघतोय. त्यानंतर त्यानं विचारलं नाही, आणि बसमध्ये माणसं उभी असूनही माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. परत येताना सगळे आकडे उलटे ताडून पाहिले. मग पक्की पानं लिहायला घेतली. कुठे तहान लागेल ते लिहिलं, कुठे साखळीला तेल घालायचं ते लिहिलं, कुठे कुत्री असतील ते बसमध्ये आलेल्या भुंकण्यावरून लिहिलं. मन कुठे खचेल तेही लिहिलं ('चढ मजले ३१. इथे परत फिरावंसं वाटेल. फिरू नये.'). डॉक्टरनं ते सगळं बसून वाचलं. पहिल्यांदा आवडीनं वाचलं, चौथ्यांदा माझ्या आग्रहाखातर. यात सगळं आहे, काका, असं म्हणून त्यानं शेवटच्या, सत्तेचाळीसाव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे तेवढं भोक पडलंय. ते तुमच्या घरच्या मुक्कामाचं पान. मुक्कामासमोर मी आधी 'रात्री १' लिहिलं होतं, मग खोडून २, मग 'अर्धा दिवस', मग 'फक्त चहा', मग पुन्हा १, असं करत करत कागद तेवढ्या जागी संपला. डॉक्टरनं उजेडासमोर धरून त्या भोकातून पाहिलं आणि काही बोलला नाही. भोकात बघून गप्प बसायचा त्याचा रोजचा सराव आहे.

निघालो सकाळी सहाला. सोडायला कोण येणार? डॉक्टरच्या खिडकीचा पडदा तेवढा हलला. (आम्हाला मूल असतं तर त्यानं आज मला वेड्यात काढलं असतं. ते काम माझं मलाच करावं लागतं.) सुरुवात अशी झाली की काय सांगू, वहीत लिहिलेलं एकेक समोर येत गेलं. चढ मजले चार म्हटलं की बरोबर चार, उतार मजले सहा म्हटलं की सहा, कुत्री म्हटलं की कुत्री. मी घंटी वाजवत होतो. समोर कुणी नव्हतं, तरी वाजवत होतो. आणि मग एका ठिकाणी फाटा आला.

रस्त्याचे दोन रस्ते झाले, साडूभाऊ. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी पाय टेकून वही उघडली. वहीत होतं, 'चढ मजले ९.' समोर पाहिलं, तर दोन्ही रस्ते चढत होते. पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढची सगळी पानं पाहिली. चढ होते, उतार होते, पाणी होतं, सावली होती, कुत्री होती. डावं कुठे नव्हतं आणि उजवं कुठे नव्हतं. सात महिने खपून मी तीनशे दहा किलोमीटरची लिफ्ट काढली होती. बसमध्ये मान वर करून एकदा जरी खिडकीबाहेर पाहिलं असतं तरी चाललं असतं, पण काटा सोडून मी कुठे बघायला. तसाच उभा राहिलो, एक पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर. आपण कशासाठी थांबलोय ते मला बऱ्याच वेळानं कळलं. माझे खांदे वाट बघत होते.

फाट्यावर एक पंक्चरवाला आहे. पत्र्याची टपरी, दारात पाण्याचं घमेलं, टायरांची एक उतरंड आणि हवा भरायचं यंत्र. यंत्राचं मागचं बेअरिंग गेलंय हे मला सायकलवरूनच ऐकू आलं होतं. मी त्याला ते सांगितलं, तर त्यानं मलाच पाना दिला. बेअरिंग बदलून होईपर्यंत ओळख झाली. मी विचारलं, यातला तुमच्या त्या अमक्या गावाला जाणारा रस्ता कुठला. तो ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघत होता, वर न बघताच म्हणाला, दोन्ही तिकडेच जातात. मग दोन कशाला, म्हटलं. तर म्हणे, एक जुना, एक नवा, टेकडीच्या पलीकडे सहा किलोमीटरवर पुन्हा एकच होतात.

म्हणजे बघा. ज्या एका गोष्टीसाठी माझी सत्तेचाळीस पानं फुकट गेली असं मला वाटलं होतं, तिच्यात काही अर्थच नव्हता. कुठूनही गेलं तरी तुमच्याच गावी. मी खूश होऊन पॅडलवर पाय ठेवला. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, जसं कुणीही विचारील तसं, वर न बघता.

"तिकडे कोण असतं तुमचं?"

"साडू."

"मग मंडळी पुढे गेल्या वाटतं? बसनं?"

"मंडळी नाहीत आता. दोन वर्षं झाली."

त्यानं ट्यूब घमेल्यातून बाहेर काढली, पुसली, कानसीनं घासायला घेतली. थोडं घासून झाल्यावर म्हणाला, "मग आता ते तुमचे कोण लागतात?"

त्याच्या मनात काही नव्हतं. अशा माणसाच्या मनात काही असलं तर कानस वेगळी वाजते. त्याला खरंच माहिती हवी होती. मीही खरंच उत्तर शोधत होतो. साडू हे नातंच असं की त्याची दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात. तुम्हाला ताईंनी धरलेलं, मला तुमच्या मेहुणीनं. मधे आपण दोघं काय तर एकाच घरात जेवायला बसलेले दोन जावई, एकमेकांच्या ताटाकडे बघून आपल्याला कमी वाढलंय का याचा अंदाज घेणारे. लिफ्टमध्ये एका बाजूला माणसांचा पाळणा असतो आणि दुसऱ्या बाजूला वजनाचे ठोकळे असतात. मधला दोर काढून घेतला तर ठोकळ्यांना काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुमचं ते पिशवीचं बोलणं मला तिथे आठवलं. पण पुढची पिशवी तुम्हाला कळायची ती पत्रावर पत्ता असायचा म्हणून. तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, ज्यांचा धनी सापडत नाही अशी पत्रं तुम्ही एका कपाटात ठेवायचात, कधीतरी कुणी विचारायला येईल म्हणून. कुणी आलं का, असं तेव्हा तुमच्या मेहुणीनं विचारलं होतं, आणि तुम्ही तिला मोठ्या वाटीत खाऊ वाढून विषय बदलला होतात.

पंक्चरवाला उत्तरासाठी अडून बसला नाही. चांगला माणूस आहे. त्याची बायको अकराच्या सुमाराला किटलीतून चहा आणते, कप एकच आणते आणि मग दुसऱ्यासाठी परत जाते. सोमवारी तिचा भाऊ येतो, त्या दिवशी चहा दोनदा होतो. मेहुण्याला काहीतरी धंदा काढून द्यायचा असं दोघांचं चाललंय, पण नवरा म्हणतो पावसानंतर बघू आणि बायको म्हणते तुमचा पाऊस कधी संपतच नाही. यंत्राचं बेअरिंग आता छान चालतंय. (एवढं सगळं मला कसं कळलं ते विचारू नका. कान आहेत.)

फाट्यापुढच्या प्रवासाचं वर्णन या पत्रात करत नाही, पत्र आधीच जाड झालंय आणि जाड पत्राला जादा तिकीट लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. एवढं मात्र आखणीच्या बाबतीत ठामपणे सांगतो, कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगा: लांबच्या सायकलप्रवासाला आखणी थोडीशीच लागते. पाणी कुठे मिळतं ते माहीत असावं, रात्री पाठ कुठे टेकायची ते माहीत असावं, आणि पोचल्यावर दार उघडणारा माणूस 'अरेच्चा' म्हणेल की 'आलात का' म्हणेल, तेवढं माहीत असावं. पहिल्या दोन गोष्टी वाटेत विचारता येतात.

तुमच्या गुडघ्याला जपा. ताईंना नमस्कार सांगा, सांगायला विसरलात तर हे पत्रच त्यांच्या हातात द्या. लोभ असावा, वाढावा असं लिहिण्याची रीत आहे. वाढला नाही तरी चालेल. होता तेवढा असला तर पुरे.

तुमचा (पंक्चरवाल्याची शंका मिटेपर्यंत)
धाकटा साडू

ता. क. समुद्राचं फारसं मनावर घेऊ नका. नुसतं तुमच्याकडेच येतोय म्हटलं तर तुम्ही अवघडाल, म्हणून पुढे समुद्र जोडला. आराखडा सत्तेचाळीसाव्या पानावर, म्हणजे तुमच्या घरी, संपतो. त्यापुढे वहीचा पुठ्ठा आहे.

दुसरा ता. क. उंची मोजायला गेलेली ती बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली होती. शेवटचा थांबा तुमचं गाव. बस तिथे चाळीस मिनिटं थांबते. स्टँडपासून तुमचं घर सात मिनिटांवर, जाऊन येऊन चौदा, म्हणजे सव्वीस मिनिटं हातात होती. मी स्टँडवरच बाकावर बसून राहिलो, वही पक्की करत. समोरून कुणीतरी तुमच्यासारखं खोकत गेलं, पण ते तुम्ही नव्हतात. तुमचा खोकला शेवटी वर जातो.

तिसरा ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं, राहूनच गेलं असतं. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या फोनमध्ये तुम्ही 'बरं ठेवतो' म्हणालात, त्याच्या आधी मागून ताई काहीतरी बोलल्या. 'त्यांना सांगा,' एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. मग कसलं तरी भांडं पडलं आणि फोन बंद झाला. 'त्यांना सांगा'च्या पुढे काय होतं, तेवढं ताईंना विचारून कळवाल का? सायकल जपून चालवा असंही असेल. दूधवाल्याबद्दल असेल, नळवाल्याबद्दल असेल, 'त्यांना' म्हणजे मी नसेनही. ज्या तीन वह्या भरल्या म्हणून वर लिहिलंय, त्यातल्या दोनच रस्त्याच्या आहेत. तिसरीत त्या वाक्याची पुढची टोकं लिहिलेली आहेत. एकशे चार झाली. त्यातली दोन-तीन इतकी चांगली आहेत की ती खरी नसावीत. ताईंना आठवत नसेल तर त्यांना आज जे वाटेल ते लिहा. चालेल.

चौथा ता. क. मीटरवरचे दोनशे चौसष्ट किलोमीटर मात्र अगदी खरे आहेत. फाटा माझ्या घरापासून अकरा किलोमीटरवर आहे. मी बारा वेळा गेलो आणि बारा वेळा परत आलो.